शाळेत दूध द्यायचं: फुल क्रीम की टोन्ड? सोलापूरच्या शाळांसाठी हिशेब आणि कृती

शाळेत दूध सुरू करायचं ठरलं की व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गाडी इथंच अडते. कुणी म्हणतं, पोरं वाळलेली आहेत, मलईचंच दूध द्या. कुणी मोबाइलवर अमेरिकेची बातमी काढून दाखवतं. बैठक संपते, दूध काही येत नाही.

त्या बातमीचा निकाल आधी लावू. अमेरिकेत २०१० साली शालेय आहाराचा कायदा झाला आणि २०१२ पासून तिथल्या शाळांत बिनमलईचं किंवा फार तर १ टक्का फॅटचं दूध मिळू लागलं. कारण होतं मुलांमधला लठ्ठपणा. जानेवारी २०२६ मध्ये नवा कायदा झाला आणि शाळांना पूर्ण फॅटचं दूध देण्याची पुन्हा मुभा मिळाली, सक्ती नाही. आता आकडे बघा. तिथल्या पूर्ण फॅटच्या दुधात किमान ३.२५ टक्के फॅट असते. आपल्याकडं टोन्डला किमान ३ टक्के लागते आणि फुल क्रीमला ६. इतकी वर्षं तिथं ज्या दुधावर भांडण झालं, ते आपल्या टोन्डच्या शेजारी बसणारं दूध आहे. तिथली कुठलीच बाजू उचलून सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या शाळेला लावता येत नाही.

पिशवीत काय असतं

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार फुल क्रीम म्हणजे ६ फॅट, ९ एसएनएफ. स्टँडर्डाइज्ड म्हणजे ४.५ फॅट, ८.५ एसएनएफ. टोन्ड म्हणजे ३ फॅट, ८.५ एसएनएफ. डबल टोन्ड म्हणजे १.५ फॅट, ९ एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेला भाग: प्रथिनं, दुधातली साखर, कॅल्शियम आणि बाकीचे क्षार. हा आकडा चारही दुधांत जवळपास सारखाच आहे, आणि निर्णयाला तोच उपयोगी पडतो. पोराला प्रथिनं आणि कॅल्शियम द्यायचं असेल तर टोन्ड आणि फुल क्रीममध्ये फार फरक नाही. १५० मिलीच्या ग्लासात दोन्हीकडं सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका ग्लासात पाव गरज भागते.

फरक पडतो तो उष्मांकात. १५० मिली टोन्डमध्ये साधारण ९० किलोकॅलरी, ४.५ फॅटच्या दुधात ११०, फुल क्रीममध्ये १३०. टोन्ड आणि फुल क्रीममधलं अंतर ४० किलोकॅलरीचं, म्हणजे दोन चमचे साखरेएवढं. त्यामुळं टोन्ड आणून त्यात ग्लासामागं दोन चमचे साखर घालणाऱ्या शाळेनं फॅट वाचवून काहीच मिळवलेलं नसतं. उलट, फॅटबरोबर येणारं अ जीवनसत्त्व कमी झालं आणि पोराच्या जिभेला गोडाची सवय लागली. टोन्ड घ्यायचंच असेल तर अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलेलं आहे, असं पिशवीवर छापलेलं दूध निवडा.

मग कोणतं घ्यायचं

गावाकडची पहिली ते पाचवीची शाळा असेल आणि वजनाच्या नोंदीत हडकुळी मुलं जास्त असतील, तर ४ ते ४.५ फॅटचं दूध घ्या. आमच्या मते सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांना हेच बसतं. ६ फॅटचं दूध वाईट नाही. पण पैसे जास्त लागतात, दुधाची सवय नसलेल्या मुलांना ते जड जातं आणि पोट भरल्यामुळं दुपारची खिचडी ताटात उरते. बालवाटिकेतल्या लहानग्यांना मात्र १०० मिली फुल क्रीम चांगलं. त्यांचं पोट लहान असतं, कमी घोटांत जास्त ताकद जायला हवी.

शहरातल्या ज्या शाळांत डब्यात बिस्किटं नि वेफर्स येतात आणि वर्गात जाड मुलंही आहेत, तिथं बिनसाखरेचं टोन्ड पुरे. हडकुळी आणि जाड अशी दोन्ही मुलं असलेल्या शाळेत एकाच वर्गात दोन प्रकारचं दूध वाटू नका. मुलं कारण विचारतात आणि उत्तर देताना कुणाचं तरी वजन चारचौघांत निघतं. संपूर्ण शाळेला मधलं, ४.५ फॅटचं दूध द्या.

पैसे कमी पडले तर ग्लास लहान करा, दुधात पाणी घालू नका. हा नियम कितीही वेळा सांगितला तरी मोडला जातो, कारण समज अशी की फुल क्रीममध्ये तेवढंच पाणी घातलं की टोन्ड होतं. होत नाही. फॅट ६ वरून ३ वर येते हे खरं, पण एसएनएफही ९ वरून ४.५ वर येतो. प्रथिनं निम्मी, कॅल्शियम निम्मं. डेअरीतलं टोन्ड मलई काढून, पावडर घालून एसएनएफ राखून बनवलेलं असतं, ते पातेल्यात पाणी ओतून जमत नाही. १५० मिली पाणचट दुधापेक्षा १०० मिली चांगलं दूध द्या.

गावातल्या दुधातून ४.५ फॅट कशी बसवायची

गावात संकलन केंद्र असेल तर पिशवीची गरजच नाही. गायीच्या दुधाला ३.५ च्या आसपास फॅट लागते. पंढरपुरी म्हशीच्या दुधाला ७ सहज लागते. दोन्ही मिसळलं की पाण्याचा थेंब न घालता हवी ती फॅट मिळते.

हिशेब असा. हव्या फॅटमधून गायीची फॅट वजा करा: ४.५ वजा ३.५ म्हणजे १. म्हशीच्या फॅटमधून हवी ती वजा करा: ७ वजा ४.५ म्हणजे २.५. तर २.५ भाग गायीचं, १ भाग म्हशीचं. १०० मुलांसाठी १६ लिटर लागत असेल तर साडेअकरा लिटर गायीचं आणि साडेचार लिटर म्हशीचं. त्या दिवशी केंद्रावर म्हशीला ७ ऐवजी ६.५ लागली तर भाग बदलतात: २ भाग गायीचं, १ भाग म्हशीचं. म्हणून फॅटचा आकडा कालच्या पावतीवरून घेऊ नका, आजच्या दुधाची पावती मागा. केंद्रावर मशीन असतंच; दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला मिळते तशीच पावती शाळेलाही मिळते.

पैसा कुठून येणार

हे न ठरवता दूध सुरू केलं की दिवाळीपर्यंत बंद पडतं. पीएम पोषण, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेत १ मे २०२५ पासून एका मुलामागं रोजचा साहित्यखर्च बालवाटिका आणि पहिली ते पाचवीसाठी ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे ठरला. त्यात डाळ-कडधान्य, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं आलं. तांदूळ तेवढा वेगळा. दूध लिटरला ६० रुपये धरलं तर १५० मिली पडतं ९ रुपयांना. प्राथमिकच्या अख्ख्या जेवणाच्या साहित्यापेक्षा एक ग्लास महाग! तेव्हा या निधीतून दूध काढायला गेलात तर डाळ आणि तेल कापावं लागेल, आणि तो व्यवहार तोट्याचा आहे. योजनेनं प्राथमिकच्या जेवणात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. दूध त्यावर भर म्हणून द्यायचं, बदली म्हणून नाही.

राज्यानं जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा आणि खीर-नाचणी सत्त्वाच्या साखरेचा निधी थांबवून ते लोकसहभागातून करा असं सांगितलं. दुधाची वाटही तीच आहे. तिथी भोजन, म्हणजे आपल्याकडचं स्नेहभोजन, हा योजनेत मान्य असलेला मार्ग. वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध, निवृत्ती अशा निमित्तानं एका दिवसाचं दूध कुणीतरी घेतं. १०० पटाच्या शाळेला एका दिवसाचे १६ लिटर, म्हणजे ९६० रुपये. आठवड्यातून दोनदा दिलं तर महिन्याला आठ दिवस, ७,६८० रुपये. गॅस आणि साबण धरून ८,००० समजा. फळ्यावर महिन्याचे आठ चौकोन आखा आणि समोर दात्याचं नाव लिहा. सहा चौकोन भरल्याशिवाय महिना सुरू करू नका. कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून दूध मिळवायचं असेल तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या फाउंडेशनचा गिफ्टमिल्क हा कार्यक्रम त्यासाठीच आहे. त्यात जीवनसत्त्व घातलेलं सुगंधी दूध येतं.

रोख देणगीपेक्षा दुधाचं बिल थेट दात्यानं केंद्राला किंवा दूध संघाच्या वितरकाला देणं सोयीचं. शाळेच्या कपाटात पैसा राहत नाही आणि कुणाला संशयाला जागा उरत नाही.

दूध दारात आल्यावर

पिशवीचं दूध ५ अंशांपेक्षा गार हवं. क्रेटमधल्या मधल्या पिशवीला हात लावा. वरच्या बाजूची गार आणि आतली कोमट असं उन्हाळ्यात होतं. पिशवी फुगलेली, गळकी, तारीख पुसलेली असेल तर परत. १४ आकडी परवाना क्रमांक छापलेला हवा. बॅच आणि तारीख वहीत उतरवा. घोटाळा झाला तर विचारणा त्याच आकड्यांवरून सुरू होते.

सुट्ट्या दुधाला चार तपासण्या करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पळीत दोन चमचे दूध घेऊन उकळा. फाटलं, कणी दिसली, तर दूध आंबायला लागलेलं आहे. मोठ्या पातेल्यात ओतण्याआधी हे करा, नाहीतर एका किटलीमुळं सोळा लिटर नासतं. दोन गवळ्यांचं दूध असेल तर पळीही दोनदा.

लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता दाखवणारी तरंगती नळी, उंच भांड्यात सोडा आणि त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास दूध असताना वाचा. धार काढून अर्धा तास झालेला असू द्या, ताज्या दुधातल्या हवेमुळं आकडा चुकतो. २८ ते ३२ डिग्री ठीक, २६ च्या खाली गेलं तर पाण्याचा संशय. पण एकट्या लॅक्टोमीटरवर विसंबू नका. मलई काढली की डिग्री चढते, पाणी घातलं की उतरते. हुशार माणूस दोन्ही करतो आणि काटा बरोबर जागेवर येतो. म्हणूनच फॅटची पावती हवी. डिग्री आणि फॅट दोन्ही बरोबर आली तरच ते दूध घ्या.

थोडं दूध उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पिठाची भेसळ. आणि बाटलीत दूध आणि तेवढंच पाणी घेऊन जोरात हलवा. दाट, टिकणारा फेस आला तर साबणासारखं काही आहे. नुसता पातळ फेस येऊन बसला तर घाबरू नका.

सोडा घालून आंबटपणा लपवलेला असेल तर तो घरगुती तपासणीत सापडत नाही. तो डेअरीच्या प्रयोगशाळेत कळतो. रोज वेगळ्या माणसाकडून स्वस्त दूध घेण्यापेक्षा एकच रतीब लावा, वर्षाचा.

आणि डब्यांबद्दल एक गोष्ट, जी शेतकरी गावात सांगितलीच पाहिजे. फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी त्यात दूध, पाणी, तेल काही आणायचं नाही. २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामनच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेलं जेवण जेवून २३ मुलं गेली.

तापवणं

सोळा लिटरला पंचवीस लिटरचं जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. काठोकाठ भरलेलं पातेलं उतू जातंच, आणि ते उतू जाताना स्वयंपाकी मदतनीस ताई त्याच्या शेजारी उभ्या असतात. तांब्या-पितळेचं बिनकल्हईचं भांडं नको. पातेलं आधी पाण्यानं विसळून ओलं ठेवा, बुडाशी पेलाभर पाणी राहू द्या, मग दूध ओता. दूध बुडाला लागत नाही. पेलाभर पाण्यानं सोळा लिटरमध्ये काही बिघडत नाही, उकळताना त्याहून जास्त वाफ होऊन जाते.

सुरुवातीला आच मध्यम ठेवा आणि चपट्या उलथण्यानं बूड खरवडत राहा. दूध लागतं ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. एकदा लागलं की अख्ख्या पातेल्याला करपट वास येतो आणि पोरं तोंड फिरवतात. तेव्हा खरवडू नका, वरचं दूध दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. मोठ्या शेगडीवर उकळी यायला अर्धा तास लागतो. उकळी वर आली की आच कमी करून आणखी दोन-तीन मिनिटं उकळत ठेवा. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिस रोगाचे जंतू येऊ शकतात, म्हणून नुसतं फेस येऊन खाली बसलं की गॅस बंद करणं चालत नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, गार साखळी तुटली नसेल तर न उकळताही चालतं. पण शाळेत फ्रिज नसतो, तेव्हा उकळाच.

आता साय. फुल क्रीम की टोन्ड, हा सगळा वाद इथं पातेल्यावर निकाली निघतो. उकळलेलं दूध हलवलं नाही तर फॅट वर चढते आणि साय धरते. ती साय चमच्यानं काढून बाजूला ठेवली की ४.५ फॅटचे पैसे मोजून पोरांना त्याहून हलकं दूध मिळालं. काढलेली साय कुठं जाते ते विचारू नये. तिच्यावर उपाय सोपा: उतरवल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी हलवत राहा, साय धरूच देऊ नका. धरलीच तर गाळणीतून गाळून, रवीनं किंवा हातफेटणीनं वाटीभर दुधात मोडून परत पातेल्यात टाका. ग्लासात तरंगणारी साय बहुतेक मुलांना नको असते, मोडलेली कळतसुद्धा नाही.

निववायला पातेलं पसरट घमेल्यातल्या गार पाण्यात ठेवा आणि दूध दोन भांड्यांत वाटून घ्या. पंखा लावू नका, धूळ येते. करंगळी बुडवून बघायची सवय मोडा. भांड्याच्या बाहेरून हात लावला तरी कळतं. पिण्याजोगं कोमट झालं की वाटप सुरू. तापवल्यापासून शेवटचा ग्लास जाईपर्यंत दोन तासांच्या वर वेळ नको, एप्रिलमध्ये एक तास धरा.

वाटप

वाटपाच्या अर्धा तास आधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं दूध चाखायचं, सही करायची. जेवणाला असलेला हा नियम दुधालाही लावा.

१५० मिलीला २०० मिलीचा स्टीलचा ग्लास घ्या, काठापर्यंत भरलेला ग्लास वर्गात सांडतो. १५० मिलीचा डाव एकदा मापून घ्या आणि त्याच डावानं सगळ्यांना द्या. प्रत्येक दहा ग्लासांनंतर तळापासून ढवळा. न ढवळता दिलं तर पहिल्या बाकांना मलई आणि शेवटच्या बाकांना निवळ दूध जातं.

वेळ परिपाठानंतर लगेचची ठेवा, म्हणजे साडेदहाची शाळा असेल तर पावणेअकरा. दुपारच्या जेवणाआधी दोन तास मिळतात, भूक मरत नाही. आणखी एक कारण आहे. दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जेवणातल्या लोहाला शरीरात नीट जाऊ देत नाहीत. मटकीची उसळ आणि दूध एकाच ताटात आलं तर उसळीतलं काही लोह वाया जातं. लोहाच्या गोळीचंही तसंच. पहिली ते पाचवीची गुलाबी आणि त्यावरच्या वर्गांची निळी गोळी ज्या वारी देता, त्या वारी दूध ठेवूच नका. गोळी सोमवारी असेल तर दूध मंगळवारी आणि शुक्रवारी.

मात्र पावणेअकराला बरीच मुलं सकाळपासून उपाशी असतात, विशेषतः ज्यांचे आई-बाप पहाटेच रानात किंवा ऊसतोडीला गेलेत ती. रिकाम्या पोटी दूध दिलं की मळमळ, पोटात गुडगुड. त्यांना आधी शेंगदाण्याचा एक छोटा लाडू किंवा मूठभर फुटाणे द्या. सोलापुरात शेंगा मागाव्या लागत नाहीत, दात्याला सांगितलं की पोतं येतं.

मागणी पटावरून नोंदवू नका, हजेरीवरून नोंदवा. आठवडी बाजाराच्या दिवशी, गड्ड्याच्या यात्रेत, आषाढी वारीच्या आठवड्यात पट निम्म्यावर येतो. आदल्या दिवशी दुपारी केंद्राला आकडा कळवायचा, असा ठराव करा.

उरलेलं दूध दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. त्याच दिवशी ज्यांना हवं त्यांना अर्धा ग्लास जास्त द्या. आंबूस लागलेल्या दुधाची खीर करून खपवू नका.

ज्याला दूध सोसत नाही

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगणं, गॅस, पातळ शौचाला होणं, हे दुधातली साखर न पचल्यामुळं होतं. भारतात हे अनेकांना असतं. अशा मुलाला ७५ मिलीपासून सुरुवात करा, खाल्ल्यावर द्या आणि तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. बऱ्याच मुलांना ते जमतं. पूर्ण फॅटचं दूध पोटातून सावकाश पुढं सरकतं, त्यामुळं काहींना टोन्डपेक्षा तेच बरं सोसतं. तरीही जमलं नाही तर दही किंवा ताक द्या.

अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं ही ॲलर्जी. त्या मुलाला दूध, दही, खीर काहीही नाही, थोडंसुद्धा नाही. धाप लागली तर १०८ ला फोन. दूध सुरू करण्यापूर्वी पालकांना चिठ्ठी पाठवून हे विचारून घ्या आणि नावं शिक्षकांच्या हजेरीपटात आत लिहून ठेवा, फळ्यावर नको.

ज्या मुलाला आवडतच नाही, त्याला जबरदस्ती नको. चिमूटभर हळद किंवा वेलची टाकून बघा. चॉकलेट पावडर म्हणजे बहुतेक साखरच, ती टाळा.

पावडरचं दूध

जिथं ताजं दूध पोचत नाही तिथं पावडर. शेजारच्या कर्नाटकानं १ ऑगस्ट २०१३ पासून क्षीर भाग्य योजनेत हेच केलं: मुलामागं १८ ग्रॅम पूर्ण फॅटची पावडर, १५० मिली दूध. २०२४ पासून त्याला रागीच्या माल्टची जोड मिळाली. पूर्ण फॅटच्या पावडरमध्ये किमान २६ टक्के फॅट असते, म्हणजे १८ ग्रॅममध्ये ४.७ ग्रॅम. ग्लासात बसते ती साधारण ३ टक्के, टोन्डएवढी. पोत्यावर काहीही छापलेलं असो, किती पाण्यात किती पावडर, यावरच फॅट ठरते. स्किम्ड पावडर घेतली तर फॅट जवळजवळ नाहीच. तिची खीर ठीक, रोजचं दूध म्हणून ती शेवटचा पर्याय.

१०० मुलांना १ किलो ८०० ग्रॅम पावडर आणि १५ लिटर पाणी. पाणी गाळून उकळा आणि हाताला सोसेल इतकं कोमट होऊ द्या. उकळत्या पाण्यात पावडर टाकली की गोळे होतात आणि आत कोरडीच राहते. दोन लिटर पाण्यात सगळी पावडर फेटून गुळगुळीत करा, मग उरलेल्या पाण्यात ओता, ढवळत एक उकळी आणा. बोअरचं पाणी फार क्षारयुक्त असेल तर तळाशी साका बसतो, तेव्हा नळाचं किंवा आरओचं पाणी वापरा. फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. पिवळसर झालेली, खवट वास येणारी पावडर टाकून द्या.

मार्चनंतर

सोलापूरचा उन्हाळा दुधाला झेपत नाही. पारा चाळिशीच्या पुढं जातो, म्हशी आटतात, सुट्टं दूध महाग होतं आणि पहाटेची किटली आठला पोचेपर्यंत आंबट होते. शाळा सकाळची होते, दूध आणि जेवण यांच्यात दोन तास उरत नाहीत. तेव्हा मार्चच्या मध्यापासून उकळायचं दूध बंद करा. पैसे असतील तर यूएचटी, म्हणजे खूप जास्त उष्णतेवर काही सेकंद तापवून जंतू मारलेल्या दुधाचे कागदी खोके घ्या. ते बंद असेपर्यंत फ्रिजशिवाय टिकतात, उकळावे लागत नाहीत, आणि बाहेरून शिजलेलं जेवण येणाऱ्या शहरातल्या शाळांना तर चूल नसल्यामुळं वर्षभर तेच बरे. ते सावलीत ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको. फुगलेलं खोकं उघडून बघू नका, टाका. स्ट्रॉ आणि खोके गोळा करायला वर्गात एक पोतं ठेवा.

पैसे नसतील तर ताक. केंद्रावरचं दही आणा, दह्याच्या दुप्पट उकळून गार केलेलं पाणी घाला, थोडं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, घुसळा आणि तासाभरात वाटा. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दुधापेक्षा बरंच कमी पडतं, हे दात्यांना आधीच सांगा. नाहीतर दुधाचे पैसे घेऊन ताक दिलं अशी चर्चा पारावर होते.